छापलेलं चुकलंय

शहापुरातल्या आमच्या घरी दिवस असतानाच जेवणं उरकत. त्यामुळं संध्याकाळ फार लांब असायची. सोप्यात भिंतीला टेकून आजी भक्तामर स्तोत्र म्हणायची. सगळे ४८ श्लोक, पुस्तकाशिवाय. पुस्तक हातात देऊन तरी काय उपयोग होता? तिला वाचता येत नव्हतं. माहेर अथणीकडचं, कानडी. इथं येऊन मराठी शिकली ती ऐकून, आणि संस्कृत स्तोत्र शिकली तेही ऐकूनच. बँकेच्या कागदावर मात्र अंगठा.

मी शिकलेली होते! हार्मोनियमच्या क्लासला जायची, परीक्षा द्यायची, वहीत भातखंडे पद्धतीनं स्वरलिपी लिहायची. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. वही बंद केली की दोन ओळींपुढं मला गाता येत नसे. पण त्याची लाज मला तेव्हा कधी वाटली नाही.

१९९१ ची खानेसुमारी. फॉर्म घेऊन एक गुरुजी आले. घरात लिहिता-वाचता कुणाला येत नाही, असं त्यांनी विचारलं. वडील काही बोलायच्या आतच मी म्हणाले, "आजी. अडाणी आहे ती." मी सतरा वर्षांची. आजी तिथंच तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात थांबला नाही. संध्याकाळी रोजच्यासारखं भक्तामर झालं.

त्याच वर्षी पर्युषणात बस्तीत नव्या छापाच्या पुस्तिका वाटल्या. दुपारी बायका जमल्या की मोठ्यानं वाचायचं काम माझ्याकडं आलं. शिकलेली ना! मी आपली भराभर वाचत होते. एका ओळीवर आजीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब. छापलेलं चुकलंय."

"आजी, पुस्तकात आहे तेच वाचतेय मी."

"पुस्तकात काय हाय ते मला काय ठावं? पण इथं पाय अडखळतोय की गं."

चार बायका हसल्या. मलाही हसू आलं. घरी येऊन काकांची जुनी पोथी काढली. आजीचं बरोबर होतं. दीर्घ अक्षर ऱ्हस्व छापलं होतं.

भक्तामर वसंततिलका वृत्तात आहे. ओळीत १४ अक्षरं, गण त भ ज ज आणि शेवटी दोन गुरू. हे मी शाळेत पाठ केलं होतं, त्यावर मार्कही मिळवले होते. या वृत्तात पाचवं, सहावं, सातवं अशी तीन अक्षरं लागोपाठ लघु येतात. चौथं अक्षर गुरू असतं, चाल तिथं जरा टेकते आणि मग ती तीन पावलं पळते. ते चौथंच ऱ्हस्व केलं की पाच लघु एकापाठोपाठ धावत सुटतात. टेकायला जागाच राहत नाही. व्याख्या मला येत होती, तरी ती ओळ माझ्या तोंडून तशीच निघून गेली. आजीनं वसंततिलका हे नावही ऐकलेलं नव्हतं.

बेळगावजवळच्या सुळेभावीचे कुमार गंधर्व लहानपणी रेकॉर्डी ऐकून मोठमोठ्या गवयांसारखं गायचे, हे आमच्याकडं कौतुकानं सांगतात. त्याला दैवी देणगी म्हणतात, आणि ती होतीच. पण कानानं शिकलेल्या बाईला मात्र "ऐकून ऐकून पाठ झालंय हो तिला," एवढंच. त्यात मीही होते.

नंतर मी आजीची चाल लिहून काढायला बसले. तिसऱ्या ओळीत ती गंधारावर यायची. खाली रेघ द्यावी तर चूक, न द्यावी तरी चूक. तो गंधार कोमलापेक्षा चढा आणि शुद्धापेक्षा उतरलेला. हार्मोनियमवर शोधला. काळ्या पट्टीत नाही, पांढरीतही नाही. आजीला दहादा म्हणायला लावलं. दहाही वेळा तो स्वर जागच्या जागी. शेवटी कंटाळून मी रेघ दिली आणि वही मिटली.

२००४ साली आजी गेली. अडाणी म्हणाल्याबद्दल मी तिला कधीच काही बोलले नाही. बोलायचं असं दोन-तीनदा ठरवलं होतं.

गेल्या श्रावणात माझ्या मुलीनं ती वही काढली आणि कीबोर्डवर भक्तामर वाजवत म्हटलं. वहीत होतं तसं, एकही स्वर इकडचा तिकडं नाही. मी मान डोलावली. तेव्हा आजीची भाची अथणीहून आलेली होती, सत्तरीची. ती आत चपात्या लाटत होती. लाटणं हातात घेऊनच बाहेर आली.

"तसं नव्हं ते. मावशी तिथं दम घेत नव्हती. तो स्वर खालनं ओढून आणायची आन् पुढच्या शब्दातच सोडायची."

मी वही पाहिली. त्या गंधारानंतर मी स्वल्पविराम दिला होता. आजीनं दिलेला नव्हे, माझ्या हातचा.

"म्हणून दाखव की, आत्या," मुलगी म्हणाली आणि फोन रेकॉर्डिंगला लावून पुढं केला.

आत्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. "आधी जेवून घ्या गं," म्हणाली, "दिवस हाय तवर."