ब्रिजवरची उपकरणे आणि त्यांच्या चुका

जहाजाचे तोंड कोणत्या दिशेला आहे हे जायरो होकायंत्र सांगते. वेगाने फिरणारे चाक, गुरुत्वाकर्षण आणि पृथ्वीचे परिवलन यांच्या मेळातून ते भौगोलिक उत्तर धरते. स्थिरावायला त्याला काही तास लागतात, म्हणून बंदर सोडण्याच्या बऱ्याच आधी ते चालू करतात. जहाज उत्तरेला किंवा दक्षिणेला धावू लागले की त्याची दिशा किंचित सरकते: विषुववृत्तावर २० नॉट वेगाने सुमारे सव्वा अंश, ६० अक्षांशावर त्याच्या दुप्पट. वेग आणि अक्षांश भरून ही चूक काढतात. आकडे चुकीचे भरले तर दुरुस्तीच चुकते. चुंबकी होकायंत्राला वीज लागत नाही, हे त्याचे मोठे बळ. मात्र जहाजाच्या पोलादामुळे त्यात येणारी चूक जहाज वळले की बदलते. प्रस्तुत लेखकाच्या वॉचवर दोन्ही होकायंत्रे मावळत्या सूर्याची दिशा घेऊन नाविक पंचांगातल्या गणिताशी ताडली जात. या पडताळणीला कोणत्याही पडद्याची गरज नसते, आणि तिचे मोल त्यातच आहे.

जीपीएस स्थान सांगते. किमान चार उपग्रहांकडून संदेश यायला लागलेल्या वेळेवरून अंतरे काढली जातात. वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची. पण खरा धोका आकड्यांपेक्षा विश्वासाचा आहे. जून १९९५ मध्ये बर्म्युडाहून बॉस्टनला निघालेल्या ‘रॉयल मॅजेस्टी’ या प्रवासी जहाजावर जीपीएसच्या अँटेनाची तार सुटली. यंत्र बंद पडले नाही. वेग आणि दिशा यांवरून अंदाजाने स्थान दाखवत राहिले. तशी खूण पडद्यावर होती, पण बारीक अक्षरांत. ऑटोपायलट तेच स्थान खरे धरून चालत राहिला. सुमारे ३४ तासांनी, मार्गापासून १७ सागरी मैल दूर, जहाज नॅन्टकेटजवळच्या उथळ वाळूत रुतले. ब्रिजवर लोरान हे वेगळ्या तत्त्वावरचे यंत्र होते, पण त्याच्याशी स्थान ताडून पाहिले गेले नाही. आज तर जहाजाची ओळख आणि स्थान इतरांना कळवणारी एआयएस आणि इलेक्ट्रॉनिक नकाशाही त्याच जीपीएसवर जगतात. एकच चूक सगळ्या पडद्यांवर उमटते आणि ते एकमेकांना दुजोरा देत बसतात.

रडार आपला प्रतिध्वनी आपणच आणते, म्हणून अंतरासाठी ते भरवशाचे. त्याची दुबळी बाजू म्हणजे लाटांचे प्रतिध्वनी. मासेमारीबंदी उठल्यावर ऑगस्टमध्ये कोकणासमोर समुद्र अजून खवळलेला असतो. पडद्याच्या मध्याभोवतीचे ठिपके पुसायला नियंत्रण वाढवले की फायबरची लहान होडीही त्यांच्याबरोबर पुसली जाते. पडदा मोकळा असताना थेट समोर होडीचा दिवा लुकलुकताना प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. तिथे डोळ्यांना पर्याय नाही.

इको साउंडर ध्वनी तळाकडे सोडून तो परतायला लागलेल्या वेळेवरून खोली मोजतो. ती जहाजाच्या तळाखालची असते. नकाशाशी ताडताना जहाजाचा पाण्यात बुडालेला भाग मिळवावा लागतो आणि भरती वजा करावी लागते. यंत्र ध्वनीचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरते. लाल समुद्राच्या उबदार, खाऱ्या पाण्यात ध्वनी त्याहून वेगाने धावतो आणि खोली खऱ्यापेक्षा थोडी कमी दिसते. ही चूक निदान सुरक्षित बाजूची. थंड, गोड्या पाण्यात उलट होते, म्हणून अशा नदीमुखात शिरताना तळाखाली जास्त पाणी राखून चालतात.