निळी चकती

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी डोळ्यांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी साठी ओलांडली आहे. मोतीबिंदूची ऑपरेशनं त्या अजून करतात, पण पिकून पांढराफेक झालेला मोतीबिंदू टेबलावर आला की हल्ली त्या स्टुलावरून उठतात आणि तिथे हाताखालच्या तरुण डॉक्टरला बसवतात. उजव्या हाताला बारीक कंप सुटला आहे. बोटांना कळण्याआधी तो मॉनिटरवर दिसला. करंगळी पेशंटच्या कपाळावर टेकवली, श्वास रोखला, तरी सुईचं टोक थरथरतच राहिलं. कच्च्या मोतीबिंदूत तेवढं निभावून जातं, पांढऱ्यात नाही.

सगळी अडचण रेक्सिसची. भिंगाच्या पुढच्या आवरणाला पाच-सहा मिलिमीटरचं सलग गोल तोंड पाडायचं, कुठेही चीर जाऊ द्यायची नाही. गिंबेल आणि नॉयहान यांनी १९८०च्या दशकात ही रीत आपापली, वेगवेगळी शोधून काढली. एरवी डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परत येणाऱ्या तांबूस उजेडात फाटण्याची कड दिसते. पांढऱ्या मोतीबिंदूत तो उजेडच नसतो. १९९९मध्ये मेलेस यांनी ट्रिपॅन ब्लू वापरून आवरण रंगवायची युक्ती दिली आणि कड दिसू लागली. पण दिसल्याने ती ताब्यात येते असं नाही. पाणी पिऊन भिंग आतून तट्ट झालेलं असतं. सुई टेकते, दुधासारखा द्रव उसळतो आणि हात हलायच्या आत फट दोन्ही टोकांना धावत सुटते. वर निळं, मधे पांढरं, खाली निळं. जगभरचे नेत्रशल्यविशारद याला अर्जेंटिनाचा झेंडा म्हणतात.

मॅडम याच एका गोष्टीवर तासन् तास बोलू शकतात. सव्वीस नंबरची सुई त्या स्वतः वाकवतात, दुसऱ्याने वाकवलेली घेत नाहीत. व्हिस्को, म्हणजे डोळ्यात भरायचं दाट जेल, भरपूर भरून भिंगाचा फुगवटा दाबून धरायचा. पहिलं छिद्र अगदी लहान. पुढचं दूध ओढून घेतलं म्हणून हुरळायचं नाही, कारण गाभ्यामागे आणखी दूध कोंडलेलं असतं आणि ते गाभ्याला पुढे रेटत राहतं. गाभा हळूच डोलवला की तेही मोकळं होतं. एवढं करूनही फट कडेला निघालीच, तर पापुद्रा परत सपाट पसरायचा आणि मागे, मध्याच्या दिशेने ओढायचा. ब्रायन लिट्ल यांनी २००६मध्ये सांगितलेली ही सोडवणूक. पापुद्रा फाटायच्या आधी सुईला जो ताण जाणवतो, तो मात्र कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही, असं त्या म्हणतात.

इतके पांढरे मोतीबिंदू अजून येतात कुठून? ‘पिकू द्या’ या जुन्या सल्ल्यातून. आवरणासकट अख्खं भिंग ओढून काढायचे आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा द्यायचे, त्या काळात थांबण्याला अर्थ होता. १९४९मध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी लंडनमध्ये पहिलं कृत्रिम भिंग बसवलं, १९६७मध्ये केल्मन यांनी अल्ट्रासाउंडने गाभा फोडून ओढून घेण्याची फेको पद्धत आणली. तरी गावात सल्ला तोच. त्यात हिवाळ्यात घरची माणसं ऊसतोडीला गेलेली, आणि उन्हाळ्यात डोळ्यात पू होतो ही भीती. म्हातारी थांबते. भिंग फुगतं, डोळ्यातलं पाणी निघून जायची वाट बंद होते, दाब चढतो. डोळा लालभडक, अर्धं डोकं फुटेस्तोवर दुखतं, उलट्या होतात. अशा वेळी दृष्टीची नस मेली, तर नंतर मोतीबिंदू कितीही सुबक काढला तरी नजर येत नाही. “आजी, आंबा हाय का त्यो, अढीत घालायला?” असं मॅडम ओपीडीत ओरडतात, आणि ओरडल्याचं त्यांना वाईट वाटत नाही.

शहरातल्या ‘लेझरने मोतीबिंदू’च्या फलकांवरही त्यांचा राग आहे. त्यातलं बहुतेक काम अल्ट्रासाउंडचं असतं. फेम्टोसेकंद लेझर वर्तुळ अचूक कापतो हे त्या मान्य करतात, पण तालुक्याला ते मशीन कोण देणार? त्याहून त्यांना खुपतं ते हे, की नवी मुलं फेको आधी शिकतात. दगडासारखा तपकिरी गाभा बोगद्यातून अखंड बाहेर काढायची बिनटाक्याची हातपद्धत त्यांच्याकडून सुटत चालली आहे.

हातांचा विषय निघाला की मदुराईच्या डॉ. वेंकटस्वामींचं नाव त्या पुन्हा पुन्हा घेतात. संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली होती, तरी त्या बोटांना जमतील अशी हत्यारं करून घेऊन त्यांनी हजारो डोळे उघडले, १९७६मध्ये अरविंद नेत्र रुग्णालय उभं केलं. पण वाकडं बोट स्थिर राहू शकतं, कापरं नाही. हा फरक मॅडमना सलतो.

पांढरा मोतीबिंदू असला की आता त्या सहायकाच्या मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतात. तरुण डॉक्टर सुई टाकून चिमट्याने काम करतो. फाडलेली निळी चकती व्हिस्कोबरोबर बाहेर येते, बुबुळावर क्षणभर पसरते, कड किंचित मुडपते आणि सिस्टर ती पुसून टाकते. पूर्वी मॅडम सिस्टरला थांबवत. स्वतःची चकती पाहिल्याशिवाय त्यांना पुढे जाववत नसे, पेशंट तसाच झाकल्या तोंडाने पडलेला असला तरी. तो निव्वळ अहंकार होता, आणि अजून गेलेला नाही, असं त्या उघड सांगतात. तरुण डॉक्टरच्या चकत्याही त्या पाहतात. गोल असतात, हे त्यांना कबूल आहे. फक्त शेवटची जोडणी तो आतून करतो आणि तिथे बारीकसा कंगोरा राहतो. बाहेरून आत यायला हवं. ताण आला की आवरण त्या कंगोऱ्यातूनच फाटत जातं. ते त्याला दाखवायचं, तर मॅडमना पुन्हा सुई हातात घ्यावी लागेल.