‘प्रभारी’ किती दिवस?

सुरतेतल्या आपल्या मराठी पोरांचा प्रीमियर लीगवर भारी जीव. मॅनेजर गेला की पुढचा कोण, यावर व्हॉट्सअ‍ॅपवर तावातावाने भांडतात. मला मात्र आपल्याकडची एक गोष्ट सतावते.

एफसी गोवाने 2020च्या सुरुवातीला, आयएसएलचा मोसम संपत आलेला असताना, स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेराला काढलं. प्रभारी झाला क्लिफर्ड मिरांडा. गोव्याचाच, डेम्पोचा जुना खेळाडू. जमशेदपूरला 5-0 हरवून गोवा गुणतक्त्यात पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. पुढच्या मोसमाला खुर्ची मिळाली हुआन फेरांदोला. तोही स्पॅनिश.

2023 मध्ये मिरांडा ओडिशाचा प्रभारी. बंगळुरूला हरवून त्याने सुपर कप जिंकून दिला. मग कायम नेमणूक कोणाची? चक्क लोबेराची!

क्लबचंही चूक म्हणता येत नाही. लोबेराने मुंबई सिटीला 2020-21 मध्ये शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही मिळवून दिली होती. बायोडेटा बघितला तर तोच निवडला जाणार. पण प्रभारीला पूर्ण मोसमच दिला नाही, तर त्याचा बायोडेटा भरणार कसा? (आयटीतल्या ‘अ‍ॅक्टिंग लीड’ मंडळींना हे वेगळं सांगायला नको.)

नॉर्थईस्ट युनायटेडने 2021 मध्ये प्रभारी खालिद जमीलला कायम केलं. पुढचा मोसम वाईट गेला, अकरा संघांत दहावा नंबर. तोच जमील ऑगस्ट 2025 मध्ये भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला.