वय झालं, दुसरं काय!

जुन्या मोटारीच्या मालकाला एका गोष्टीचा तुटवडा कधीच भासत नाही. ती म्हणजे सल्ला. रस्त्याच्या कडेला गाडीचे बॉनेट वर झाले रे झाले, की चार माणसे जमतात, चौघेही आत डोकावतात आणि चौघांचेही एकमत होते, "वय झालं साहेब, दुसरं काय!" हे निदान फुकट मिळते आणि त्याची किंमतही तेवढीच असते. जुने होणे हा जर आजार असेल, तर आपला सह्याद्री केव्हाच मोडीत काढायला हवा होता.

आमच्या घरी १९६७ सालची फियाट ११०० आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली. पुढे या घराण्याला 'पद्मिनी' हे नाव मिळाले आणि त्याच्या काळ्या-पिवळ्या लेकींनी कित्येक वर्षे मुंबई वाहून नेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या टॅक्सींतल्या शेवटच्या पद्मिनीची २० वर्षांची मुदत संपली. आमची मात्र अजून चालते आहे. वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून ती घेतली. ते गेले, गाडी राहिली, आणि तिच्या डाव्या बाजूच्या सीटवरचा आईचा हक्कही राहिला.

गेल्या वर्षी या गाडीला एक चमत्कारिक व्याधी जडली. पुण्याच्या सपाट रस्त्यावर ती राणीसारखी चाले. पण वाईहून पाचगणीकडे पसरणीचा घाट चढू लागलो, की तिसऱ्या वळणाच्या आसपास तिला धाप लागायची. दोन आचके देऊन ती गप्प व्हायची. दहा मिनिटे विसावा दिला की पुन्हा सुरू. पुन्हा दोन वळणे, पुन्हा आचके. पाचगणीच्या पलीकडच्या एका खेड्यात आईचे माहेर. यंदाची भाऊबीज तिथे करावी, असे तिच्या मनात होते. "माझा भाऊ नव्वदीचा आहे," ती म्हणाली, "मीही शहाऐंशीची. पुढच्या वर्षीचं कोणी सांगितलंय?"

पण आईचीही प्रकृती याच सुमारास बिघडली होती. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येई. भिंत धरावी लागे. आमचे थोरले बंधू ठाण्याला असतात. त्यांनी फोनवरून दोन्ही प्रकरणांचा निकाल एकाच वाक्यात लावला. "गाडीचं वय झालं, ती भंगारात दे, आणि आईचंही वय झालंय, तिला घाटात नेऊ नकोस."

दरम्यान एका गॅरेजमध्ये गाडीचा पेट्रोल-पंप बदलून झाला. फरक पडला नाही. म्हणून दुसरा नवा पंप बसवला गेला. तोही घाटात तसाच थकला. आता इंजिनच खाली उतरवण्याची भाषा सुरू झाली होती. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना पेठेतल्या एका बोळातले जुने मिस्त्री आठवले. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. गॅरेज मुलाकडे सोपवून आता नुसते खुर्चीत बसतात.

त्यांनी आधी पान्याला हात लावलाच नाही, प्रश्न विचारले. सपाटीवर चालते का? थांबल्यावर किती वेळाने सुरू होते? इंजिनच्या तेलाला पेट्रोलचा वास येतो का? मग म्हणाले, "काका, कार्बोरेटरमध्ये एक छोटा हौद असतो. सपाटीला तो भरलेला राहतो. घाटात इंजिनची मागणी वाढते. येणं कमी, जाणं जास्त. हौद आटतो, गाडी बसते. म्हणजे वरपर्यंत पेट्रोल कमी येतंय, एवढंच आपल्याला कळलं. का कमी येतंय, ते अजून कळायचंय."

हा पंप म्हणजे मोठा गमतीचा प्राणी आहे. इंजिनचा कॅमशाफ्ट एक दांडा हलवतो आणि त्या दांड्याने आतला पडदा ओढला जातो. त्या ओढीने मागच्या टाकीतून पेट्रोल येते. मला वाटे, पुढे ढकलण्याचे कामही इंजिनच करत असेल. तसे नाही. ढकलते ती पडद्याखालची स्प्रिंग. हौद भरला की ती गुपचूप थांबते, रिकामा झाला की पुन्हा रेटते. तिचा रेटा तरी किती? तीनेक पौंडांचा! चाकात आपण चोवीस पौंड हवा भरतो, त्याचा आठवा हिस्सा. एवढ्याशा दाबावर सारे कुटुंब घाट चढते.

मिस्त्रींनी पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये दाबाचे घड्याळ जोडले. काटा दीड पौंडावर लटपटत राहिला. "बघा, पंपच नादार!" त्यांचा मुलगा म्हणाला. म्हातारबुवा हसले. बघ्यांपैकी एकाच्या हातात विडी होती, त्याला त्यांनी रस्त्यापलीकडे पाठवले. मग टाकीकडून येणारी नळी सोडवून बंद केली आणि पंपाच्या तोंडाला दुसरी नळी लावून ती थेट पेट्रोलच्या बाटलीत सोडली. बाटली पंपाच्या खालच्या पातळीवर धरली, म्हणजे पेट्रोल आपसूक उतरायला नको, पंपानेच ओढायला हवे. इंजिन सुरू झाले. काटा शांतपणे तीनवर जाऊन उभा राहिला.

पंप निर्दोष होता. कदाचित आधीचे दोन्हीही निर्दोष असतील. "जे येतच नाही, ते बिचारा देणार कुठून?" मिस्त्री म्हणाले.

मग ते मागे निघाले, टाकीच्या दिशेने. टाकीचे झाकण उघडून पाहिले. कधीकधी तिथले हवेचे भोक बुजते आणि टाकी पेट्रोल सोडत नाही. तसे नव्हते. गाळणी साफ होती. शेवटी पंपाच्या अलीकडे त्यांनी वीतभर पारदर्शक नळी जोडली. पेट्रोलबरोबर बारीक बुडबुड्यांची माळ धावत होती! टाकीजवळ लोखंडी नळीला जिथे रबरी तुकडा जोडलेला असतो, तिथे रबराला केसासारख्या चिरा गेल्या होत्या. बाहेर थेंबही गळत नव्हता, म्हणून कोणाला शंका आली नाही. ही ओढीची बाजू; इथे चीर पडली तर पेट्रोल बाहेर येण्याआधी हवा आत शिरते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यातले काही आपल्याच उसाच्या मळीतून आणि रसातून निघालेले. जुन्या रबराला ते सोसत नाही. नव्या पेट्रोलला टिकणारा नळीचा तुकडा आणि दोन क्लिपा, एवढ्यावर काम भागले.

त्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरीणबाईंनी आईचा रक्तदाब मोजला. आधी निजवून, मग उभे करून. उभे राहताच तो झपकन उतरला. बाईंनी औषधाचा कागद पुढे ओढला नाही. त्यांनी विचारले, "आजी, दिवसात पाणी किती पिता?"

आई बराच वेळ पदराशी चाळा करत राहिली. "चार वाजल्यानंतर घेत नाही," ती शेवटी म्हणाली. "रात्री उठावं लागतं. अंधारात कशाला तरी अडखळते, मग तुमची झोपमोड. त्यापेक्षा नकोच."

वयाच्या नावावर खपून जाणारी ही चीर! तीही ओढीच्याच बाजूची. बाहेर थेंब दिसत नव्हता. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर जळणारा एक लहान दिवा लागला. दिवसाचे पाणी बाईंनी ठरवून दिले आणि उठताना क्षणभर पलंगावर बसून मग पाय टेकायला शिकवले. पंधरवड्यात भिंतीचा आधार सुटला.

भाऊबीजेला आम्ही निघालो. डिकीत फराळाचे डबे होते आणि आईच्या मांडीवर पाण्याची बाटली. घाट लागला. पहिले वळण गेले, दुसरे गेले. तिसऱ्याला मी कान टवकारून इंजिनचा आवाज ऐकू लागलो. आईने शांतपणे बाटलीचे झाकण काढले, दोन घोट घेतले आणि विचारले, "काय म्हणतेय रे गाडी?"

"मजेत आहे."

"मग पुढं बघून चालव. भाऊ वाट बघत असेल."