विमान परत पण येतं



गेल्या आठवड्यात ग्वाल्हेरच्या मावसबहिणीचा फोन आला. दोन लहान मुलं घेऊन पहिल्यांदाच विमानाने निघायचंय, बरोबर काय काय घेऊ, म्हणून विचारत होती. तिला सांगता सांगता आमची स्वतःची तयारी आठवली. बॅगेची तर होतीच, पण बॅगेबाहेरचीच जास्त होती. पोस्ट लांब झाली आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. सासऱ्यांच्या आजोबांपासून इथेच. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. ह्यांना हैदराबादला नोकरी लागली तेव्हा थोरला अडीच वर्षांचा होता आणि धाकटी पोटात. आधी बाळंतपण, मग धाकटीचं पहिलं वर्ष, असं करता करता दीड वर्ष मी आणि मुलं इंदूरलाच अण्णा-माईंजवळ राहिलो. हे महिन्या-दीड महिन्यातून यायचे, शनिवार-रविवार राहायचे आणि परत. धाकटी त्यांच्याकडे पाहुण्याकडे बघावं तशी बघायची. उचललं की माझ्याकडे हात पसरायची. ती चौदा महिन्यांची झाली तेव्हा आम्ही ठरवलं, आता बास, चौघांनी एका घरात राहायचं.

माईंचं म्हणणं होतं, रेल्वेने जा. रेल्वेत पोरं खेळतात, विमानात बांधून ठेवल्यासारखी. पण रेल्वेने एक अख्खा दिवस आणि वर रात्र, मी एकटी मोठी आणि पदराला दोन. विमान थेट होतं, दीड तासाच्या आसपास. तिकिटं काढली. आणि त्या संध्याकाळी थोरल्याने जाहीर केलं, "मी विमानात नाही बसणार."

का रे बाबा? तर म्हणाला, "विमान घेऊन जातं. आणत नाही."

आधी मला काही कळेना. मग हिशोब लागला. हे यायचे ते रात्री उशिराच्या विमानाने. थोरला झोपलेला असायचा, सकाळी उठून बघतो तर बाबा घरात! कसे आले, कुठून आले, त्याने कधी पाहिलंच नव्हतं. जाताना मात्र आम्ही सगळे विमानतळावर सोडायला जायचो. म्हणजे त्याने विमान पाहिलं ते दर वेळी बाबांना नेणारंच. चार वर्षांच्या डोक्याने काढलेलं अनुमान, त्यात चूक काय होती सांगा.

शेजारच्या भाभींनी लगेच उपाय सांगितला, "अरे, बोल दो घूमने जा रहे हैं, दो दिन में आ जाएँगे. बैठ जाएगा चुपचाप." मलाही क्षणभर ते सोपं वाटलं. अण्णा तिथेच पेपर वाचत बसले होते. ते एरवी अशा गोष्टींत पडत नाहीत. पण त्या दिवशी पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "त्याला खोटं सांगू नका सूनबाई. दोन दिवस म्हणाल तर तिसऱ्या दिवशी तो मोजायला बसेल. दिवाळीला येऊ म्हणा. आणि मग दिवाळीला या."

अण्णा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा मोजण्यावर फार विश्वास.

दुसऱ्या दिवशीपासून संध्याकाळी ते थोरल्याला स्कूटरवर घेऊन निघायला लागले. बडा गणपती, कालानी नगर करत थेट बिजासन टेकरीवर. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, आमचा अहिल्याबाई होळकर विमानतळ या टेकरीला अगदी लागून आहे. आधी देवीचं दर्शन, मग कठड्याशी उभं राहून विमानं बघायची. होळकर संस्थानाच्या काळात, १९३५ साली, विमानतळासाठी ही बिजासनची जागा निवडली गेली, हेही अण्णांनी नातवाला सांगून ठेवलं. त्याला संस्थान म्हणजे काय ते कळलं नाही, पण "राजाचं विमानतळ" हे पक्कं लक्षात राहिलं.

बरोबर एक जुनी वही असायची. तिच्यात अण्णांनी दोन रकाने आखले होते, 'गेली' आणि 'आली'. विमान उडालं की थोरल्याने एका रकान्यात रेघ ओढायची, उतरलं की दुसऱ्यात. पहिल्या दिवशी तीन गेली, दोन आली. थोरल्याचा चेहरा पडला. अण्णा म्हणाले, "उद्या परत मोजू." दुसऱ्या दिवशी दोन गेली, तीन आली. घरी आला तो ओरडतच, "आई, एक जास्त आलं!" आठवडाभर हा कार्यक्रम चालला. शेवटी दोन्हीकडच्या रेघा जवळजवळ सारख्या झाल्या. त्याने वही मला दाखवली आणि सांगितलं, "विमान परत पण येतं."

मुलांची तयारी म्हणतात ती ही. खेळणी, खाऊ, मोबाईलवरची कार्टून हे सगळं नंतरचं. मुलाला नेमकी कसली भीती आहे ते आधी ऐकून घ्यावं लागतं. ती आपल्याला वाटते ती नसते. मला वाटलं होतं तो आवाजाला घाबरेल, पट्ट्याला घाबरेल.

मग घरात रंगीत तालीम झाली. स्वयंपाकघरातले पाट एकामागे एक मांडले, अण्णांच्या जुन्या पट्ट्यांनी सगळ्यांना बांधलं. पलंगाखालून एक खोकं काढलं, ते सामान तपासायचं मशीन. त्याचा कापडी हत्ती एका बाजूने आत ढकलायचा, दुसऱ्या बाजूने बाहेर काढायचा. हे मुद्दाम केलं, कारण मुलांच्या हातातलं खेळणं तिथे काढून मशीनमध्ये घालावं लागतं आणि न सांगता काढलं की तिथेच रडारड सुरू होते. अण्णा शिपाई होऊन "हात वर" म्हणायचे. माई हवाईसुंदरी झाल्या आणि पदर खोचून विचारायच्या, "काय घेणार, पोहे की जलेबी?" इंदूरच्या विमानात आणखी काय मिळणार! जिरावन वरून वेगळं.

आता बॅगेबद्दल. बहिणीला जे सांगितलं तेच इथे लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

कागद आधी. दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसतं, त्याला वेगळी सीट नसते, तिकीटही बरंच कमी. पण वयाचा पुरावा लागतो, म्हणून जन्माचा दाखला हाताशी ठेवा. दाखल्यात बाळाचं नाव घातलेलं आहे ना, हेही बघून घ्या. जन्माची नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसतं, नाव मागाहून घालावं लागतं. प्रवासाच्या दिवशी दोन वर्षं पूर्ण झाली असतील तर सीट घ्यावीच लागते, परतीच्या तिकिटालाही हाच नियम.

वेळ निवडताना स्वस्त तिकिटापेक्षा मुलाची झोप बघा. पहाटेचं विमान म्हणजे रात्री दोनला उठवलेलं पोर, आणि मग दिवसभर सगळ्यांचे हाल.

हातातली बॅग बहुतेक कंपन्या सात किलोपर्यंतच घेऊ देतात. त्यात बाळाचे दोन कपडे आणि तुमचा एक कुर्ता ठेवा. बाळ ओकलं तर ते एकट्यावर ओकत नाही. लंगोट-डायपर मोजून दोन जास्त. ओल्या कपड्यांसाठी बंद होणाऱ्या पिशव्या. विमानात गार असतं, म्हणून माईंनी त्यांच्या जुन्या सुती साडीचं चौघडी दुपटं शिवून दिलं. त्याला घरचा वास होता. धाकटी त्यातच झोपली. बाळाचं दूध, उकळलेलं पाणी, खिमट हे तपासणीत जाऊ देतात, फक्त वेगळं काढून दाखवावं लागतं. थोरल्यासाठी दशम्या, राजगिऱ्याचे लाडू आणि अर्थातच शेव.

कान. डॉक्टरांनी सांगितलेलं एवढंच लक्षात ठेवा, गिळत राहिलं की कानाचे दडे सुटतात. विमान वर चढताना बाळाला अंगावर घ्या, आणि उतरताना तर नक्कीच, कारण त्रास जास्त तेव्हाच होतो. उतरणं म्हणजे शेवटची पाच मिनिटं नाहीत, टेकण्याच्या अर्धा तास आधीपासून विमान खाली यायला लागतं. तोपर्यंत बाळाचं पोट थोडं रिकामं असलेलं बरं, म्हणजे ते प्यायला तयार असतं. मोठ्या मुलाला घोट घोट पाणी द्या किंवा काहीतरी चघळायला द्या. सर्दी झालेली असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. झोप लागावी म्हणून आपल्या मनाने औषध देऊ नका. काही मुलं त्याने झोपत नाहीत, उलट जास्तच उधळतात, असं आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी खरा प्रश्न उभा राहिला तो ओटीचा. माईंनी ताटात तांदूळ, सुपारी, हळकुंड, नारळ आणि शिवाय दोन खोबऱ्याच्या वाट्या काढून ठेवलेल्या. मी म्हटलं, "माई, सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्यात तेल असतं, पेट घेतं म्हणून नेऊ देत नाहीत. आणि अख्खा नारळ हातातल्या बॅगेत तपासणीला अडवतात."

माई गप्प झाल्या. गेले दहा दिवस त्या पदर खोचून कामं करत होत्या, लाडू वळत होत्या, हवाईसुंदरी होत होत्या. एकदाही "नका जाऊ" म्हणाल्या नव्हत्या. त्या क्षणी मात्र त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, "नारळाशिवाय सुनेला कसं पाठवू ग?" मलाही काही बोलता येईना.

मग त्यांनीच मार्ग काढला. रीतसर ओटी भरली, मी नमस्कार केला, आणि माझ्या ओटीतला नारळ त्यांनी उचलून देवघरात ठेवला. "देवापाशी राहू दे. दिवाळीला आलात की फोडू."

प्रवासाचं फार सांगण्यासारखं नाही. धाकटी उडताना प्यायली, मग वीसेक मिनिटं जोरात रडली, मग दुपट्यात तोंड खुपसून झोपली. समोरच्या सीटवरच्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं. पहायचं त्यांनी पाहावं. थोरल्याने हत्ती स्वतःच्या हाताने मशीनमध्ये घातला आणि दुसऱ्या बाजूला पळत जाऊन उभा राहिला. उतरताना शेव चावत होता. विमान शमशाबादला टेकल्यावर म्हणाला, "आता हे 'आली'त मोजायचं ना?"

बाहेर हे उभे होते. थोरला धावत गेला. धाकटीने माझ्या खांद्यात तोंड लपवलं. ह्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. ते बघवत नव्हतं. तिला आठ-दहा दिवस लागले. नवव्या का दहाव्या दिवशी संध्याकाळी दाराची कडी वाजली आणि ती रांगत-धडपडत माझ्या आधी दारापाशी पोचली. त्या एका गोष्टीसाठी रामबागेतलं घर सोडलं होतं. काचीगुडा, सुलतान बाजार या बाजूला मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे फोनवर ऐकून माईंनाही जरा धीर आला.

इंदूरला मागे काय झालं ते मात्र दिवाळीला गेल्यावर कळलं. शेजारच्या भाभी म्हणाल्या, आम्ही गेल्यावर दोन-तीन आठवडे अण्णा संध्याकाळी एकटेच स्कूटर काढून बिजासनला जात होते. वही मी हळूच उघडून पाहिली. आमच्या जाण्याच्या तारखेनंतरही रेघा होत्या, दोन्ही रकान्यांत. त्याबद्दल मी त्यांना काही विचारलं नाही. थोरल्याने मात्र वही ताब्यात घेतली आणि आमच्या विमानाची रेघ स्वतः ओढली, 'आली'च्या खाली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी माईंनी देवघरातला नारळ काढला. कानाशी धरून हलवला तर आत खडखड वाजत होतं. फोडला तर पाणी आटलेलं आणि आत सुक्या खोबऱ्याचा गोटा, विमानात न चालणारा तोच! माई हसून हसून बेजार झाल्या. त्याची लसूण घालून चटणी केली आणि तिथेच खाऊन संपवली.

तेव्हा मंडळी, यादी करा, कागद बघा, शेव विसरू नका. पण मुलांना कुठे चाललो, किती दिवस, कधी येणार, हे खरं सांगा, आणि सांगितलेल्या दिवशी या. घरात मागे राहणारी मोठी माणसंही तोच दिवस मोजत असतात.

बडोदा, बेळगाव, ग्वाल्हेर, जिथे कुठे असाल तिथून सांगा, तुमच्या घरी निघताना ओटीच्या नारळाचं काय करतात?