मशागत आणि राखण

मराठीचा प्राध्यापक म्हटला की गावात त्याच्याकडे ठरावीक कामे येतात. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायचा, सेवानिवृत्तांची मानपत्रे लिहायची, दुकानाच्या पाटीवरचे ऱ्हस्वदीर्घ पाहायचे. कुपवाडला राहायला आल्यापासून ही सारी कामे मी इमानाने केली आहेत. पण गेल्या पावसाळ्यात एक निराळेच काम दारात आले. जवळच्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचे पाळकसाहेब, एक निवृत्त परिचारिका आणि एमआयडीसीत नोकरी करणारे एक गृहस्थ असे तिघे आले. मंडळीने पर्यावरणाचे काम हाती घ्यायचे ठरवले होते; त्याआधी त्या कामाचे 'व्हिजन' आणि 'मिशन' लिहून काढायचे होते. एका तरुणाने इंग्रजी नमुन्यावरून भाषांतर केले होते : 'शाश्वत सृष्टिसंवर्धनाद्वारे समग्र परिवर्तन.'

पाळकसाहेब म्हणाले, "सर, रविवारी हे मी वाचून दाखवलं. सगळ्यांनी आमेन म्हटलं. कळलं मात्र कुणालाच नाही!"

मी ध्येय, कार्य, जीवितकार्य असे शब्द एकामागून एक पुढे टाकू लागलो. परिचारिकाबाईंनी ते ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "मिशन म्हणजे मिरजेचं मिशन हॉस्पिटल. दुसरं काय?"

बाईंचे बरोबर होते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभे केले, तेव्हापासून या भागात हा शब्द मराठीच झाला. 'मिशनमध्ये नेलंय' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नसे. इथे मिशन म्हणजे कागदावरचा ठराव नव्हे. ती खाट आहे, रात्रपाळीची नर्स आहे, बाहेर चुलीवर भात शिजवणारे नातेवाईक आहेत.

आणि पर्यावरण म्हणाल, तर आमच्या शेजारची वानलेसवाडी आहेच. क्षयरोग्यांसाठी तिथे आरोग्यधाम बांधले, ते क्षयावर अचूक औषध सापडण्यापूर्वीच्या काळात. मोकळी हवा, ऊन, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच त्या वेळी उपचार. म्हणजे हवा ही चीज रोग्याला डॉक्टरांनी लिहून दिलेली! आज त्याच परिसरात कुपवाडची औद्योगिक वसाहत पसरली आहे. (१९९८ साली महानगरपालिका झाली, तीत सांगली आणि मिरजेच्या पाठोपाठ आमचे नाव तिसरे लागले, धुराच्या बाबतीत आम्ही एवढे मागे नाही.)

मला वसईची आठवण झाली. तिथे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभारली, ती वाड्या, विहिरी आणि टँकरने उपसले जाणारे पाणी यांच्यासाठी. हेच फादर २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले; २०२४ साली ते गेले. त्यांचे मराठी शेतकऱ्याला कळे आणि बिल्डरलाही कळे. दुसऱ्याला ते आवडत नसे, एवढाच फरक. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पृथ्वीविषयी सविस्तर पत्र लिहिले, तेही केवळ कॅथलिकांसाठी नव्हते. पाळकसाहेब प्रोटेस्टंट, पण "चांगली गोष्ट उसनी घ्यायला हरकत नाही," असे म्हणून त्यांनी टिपून घेतले.

मग मी सहज विचारले, "तुमच्या बायबलात याविषयी काय आहे?" त्यांनी पहिल्याच पुस्तकातली गोष्ट सांगितली. देवाने माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करायला. मी चमकलो. हे शब्द कोशात शोधायला नकोत. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीची राखण करणाऱ्या पोरालाही ते ठाऊक आहेत. भाषांतराचा कागद मी बाजूला सारला.

"पण राखण कशाची?" मी म्हटले. "तेही लिहायला हवं."

इथे बैठक अडली. नाल्याचा विषय निघाला. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो सर्वांनीच पाहिला किंवा ऐकला होता. बाई म्हणाल्या, नाल्याचे लिहाच. आतापर्यंत गप्प बसलेले ते गृहस्थ म्हणाले, "बाई, कारखान्याचं नाव आलं तर माझ्या पोटावर पाय येतोय. आपल्यातली निम्मी घरं तिथंच कामाला हायती." यावर कोणाला पटकन बोलता आले नाही. मंडळीची भाकरी आणि मंडळीचे पाणी एकाच फाटकातून बाहेर पडत होते. झाडे लावण्याचा ठराव करून मोकळे होणे सोपे होते. रोपे सरकारी रोपवाटिकेतून मिळतात आणि रोपावर कोणी रागावत नाही.

पाळकसाहेबांनी घाई केली नाही. त्यांच्याकडे देवाची इच्छा पारखून घेण्याची रीत आहे म्हणे. त्यासाठी चार रविवार घेतले. चौथ्या रविवारनंतर ते गृहस्थ एकटेच माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, नाव कुणाचंच घालू नका. 'नाल्याचं पाणी दर आठवड्याला बघून लिहून ठेवणे' एवढं घाला. वही माझ्याकडं ऱ्हाऊ द्या. मी त्याच वाटेनं कामाला जातो."

तेवढे वाक्य मी घातले. आता वहीची तीन पाने भरली आहेत : तारीख, वेळ, पाण्याचा रंग, फेस आहे की नाही, वास. तिसऱ्या पानावर एका मंगळवारची नोंद पहाटे पावणेचारची आहे. त्या आठवड्यात त्यांची पाळी दिवसाची होती.