के२६.४

हॉस्पिटलच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये आयसीडी-१० च्या कोडची यादी मीच बसवली होती. के२५ जठरातला अल्सर, के२६ लहान आतड्याच्या सुरुवातीचा. पॉइंटनंतर ० ते ३ म्हणजे तीव्र, ४ ते ६ जुनाट किंवा 'नोंद नाही'. टेस्टिंगला मी कायम ९ टाकायचो. ९ म्हणजे रक्तस्राव नाही, छिद्र नाही, कटकट नाही.

मार्चमध्ये बाबांच्या डिस्चार्ज पेपरवर के२६.४ दिसलं. रक्तस्राव. पण जुनाट, की नुसतंच 'नोंद नाही'? दोन्हींना एकच आकडा.

"बाबा, कधीपासून होतंय?"

"दिवाळीपासून. अधूनमधून संडास काळी व्हायची. म्हटलं, गुडघ्याच्या गोळ्यांमुळे असेल."

खरंच त्या गोळ्यांमुळेच होतं. रिकाम्या पोटी घ्यायचे.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू कॉलवर असायचास."